मालकांची फिरती

"पेटवता कशावर? गॅस का स्टो?"

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव काय, गाव कोणतं, अजून लग्न का नाही, या प्रश्नांची उत्तरं तोवर मी बुलढाण्यातल्या बऱ्याच घरमालकांना देऊन कंटाळले होते. या माणसाला त्यातलं काहीच नको होतं. मी म्हणाले, छोटा सिलिंडर आहे, त्याच्या डोक्यावरच शेगडी बसते. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "उचलून गेटाच्या भायेर नेता येईन ना एकटीले?" मला वाटलं, आगबीग लागली तर म्हणून विचारत असतील. घरमालक काळजीवाहू दिसतोय असं मनाशी म्हणत मी खोली घेऊन टाकली.

मागच्या थंडीत ते गेले. त्या घरातल्या माझ्या शेजारणीचा, वहिनींचा, फोन आला तेव्हा मी पेपर तपासत बसले होते. फोन ठेवला आणि पुढचा एकही पेपर तपासता आला नाही. जन्मभर या माणसाला एकाच गोष्टीची धास्ती होती, की घर हातचं जाईल, भाडेकरू गिळतील. घर गेलं. पण कुठल्याही भाडेकरूनं ते नेलं नाही, आणि हे सांगायला गेलं की माझा राग आणि कीव एकमेकांत अशी मिसळतात की नक्की काय वाटतं ते मलाच कळत नाही.

मी मलकापूरची. खालून घाट चढून वर आले ती कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायला. तासिका तत्त्वावरच्या मास्तरणीला चांगली खोली कोणी देत नाही, कारण पुढच्या जूनमध्ये ती असेल की नाही हे तिचं तिलाही ठाऊक नसतं. मालकांना नेमकं तेच आवडलं असावं. त्यांचं घर म्हणजे काटकोनात बांधलेली पत्र्याच्या खोल्यांची ओळ, मधे अंगण, अंगणात एक बदामाचं झाड, सगळ्यांत मिळून एक नळ आणि मागे दोन संडास. गेटाला लागून असलेल्या खोलीत ते स्वतः राहायचे. बायको केव्हाच गेलेली, मुलगा पुण्यात.

त्यांना सगळ्यांनी 'मालक'च म्हणायचं. मी सवयीनं पहिल्याच आठवड्यात 'काका' म्हणाले तर हातातली बादली खाली ठेवून त्यांनी मला थांबवलं. "काका नाई. नातं लागलं का हक्क लागते." ते स्वतःही कोणाला नावानं हाक मारत नसत. मी मॅडम, शेजारच्या खोलीतला एस.टी.तला वाहक तो कंडक्टर, आणि त्याची बायको ती कंडक्टरीण. मी मात्र तिला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणायचे आणि मालक ते ऐकून कपाळाला आठ्या घालायचे.

या सगळ्याच्या मुळाशी एक चूल होती. ती गोष्ट त्यांनी प्रत्येक भाडेकरूला सांगितलेली होती, कंडक्टरला तर ती पाठ होती आणि तो मालकांच्या मागे हातवारे करून ती म्हणून दाखवायचा. मालक लहान असताना त्यांच्या वडलांचं देऊळघाटाकडे शेत होतं. वडलांनी ते मक्त्यानं दिलं. "कुळानं बांधावर खोपडी टाकली. खोपडीत चूल मांडली. आमच्या बापानं म्हटलं, मांडू दे, लेकरंबाळंवाला हाये. मंग कायदा आला. साहेब जीपीतून उतरला, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् एकच गोष्ट इचारली. ही चूल कोनाची? झालं. वावर गेलं." इतकं बोलून ते बोटानं जमिनीवर एक गोल काढायचे, चुलीएवढा.

कुळकायद्याचा निकाल चुलीवरून लागत नाही हे मला कळतं. काहीतरी नोंदी असतील, तारखा पडल्या असतील, वडलांनी कुठे अंगठा उठवला असेल. पण बांधावर उभ्या असलेल्या पोरानं पाहिलं ते एवढंच, आणि तेवढ्यावर त्यानं पुढचं सगळं आयुष्य रचलं. देऊळघाटच्या रस्त्यानं ते कधी जात नसत. कोणाच्या लग्नाला तिकडे जायची वेळ आली तर आहेर पाठवून द्यायचे.

त्यांच्या घरात भिंतीला खिळा ठोकायची बंदी होती. "खिळा ठोकला का मूळ धरते." त्यामुळे आमची कॅलेंडरं दाराच्या कडीला लोंबकळायची आणि कडी लावली की महिना चुरगाळायचा. झाड लावायची बंदी होती. वहिनींनी तेलाच्या डब्यात तुळस लावली तेव्हा चांगला तास-दोन तास वाद झाला. शेवटी तुळस राहिली, पण डबा जमिनीला टेकवायचा नाही, विटेवर ठेवायचा, अशी तडजोड निघाली. खोल्यांना नंबर नव्हते. नंबर असला की पत्ता होतो, आणि पत्ता झाला की त्यावर पत्रं येतात. एक बदामाजवळची, एक नळाजवळची, एक मागची, असंच बोलायचं. गॅसचं कार्ड, रेशनकार्ड, मतदार यादी, कशालाही हा पत्ता द्यायचा नाही. कंडक्टरचं रेशनकार्ड त्याच्या गावी होतं आणि सिलिंडरही तो गावाहूनच एस.टी.च्या टपावर टाकून आणायचा.

भाडं रोख घ्यायचे, पावती द्यायचे नाहीत. करार नावाची गोष्ट त्यांच्या घरात झालीच नाही. बाकीचे मालक अकरा महिन्यांचा करार करून मोकळे होतात. यांनी त्यातले अकरा महिने तेवढे घेतले आणि कागद सोडून दिला.

त्या अकरा महिन्यांतून निघाली ती फिरती. दर अकरा महिन्यांनी एक दिवस ठरायचा. त्या दिवशी सकाळी सगळ्या बिऱ्हाडांनी आपापलं सामान उचलून गेटाबाहेर रस्त्यावर आणायचं. गाद्या, ट्रंका, बादल्या, सगळ्यात आधी चूल. चूल गेटाबाहेर पडलेली ते स्वतः उभं राहून पाहायचे. मग सगळ्या खोल्यांना कुलूप घालून एकेक उघडायचे, आतून पाण्यानं धुऊन काढायचे. तोवर आम्ही रस्त्यावर गाद्यांवर बसून राहायचो. येणारी-जाणारी माणसं विचारायची, काय जप्ती आली का? दुपार कलली की मालक गेटात खुर्ची टाकून बसायचे. आपण पुढे जाऊन विचारायचं, "आता कोणती खोली?" आणि ते सांगायचे ती पुढची खोली. विचारल्याशिवाय आत घ्यायचे नाहीत. तुम्ही विचारलं म्हणजे तुम्ही नव्यानं आलात, जुना हक्क तुटला, असा त्यांचा हिशेब.

अकरा महिने असल्यामुळे ही फिरती दरवर्षी एक महिना अलीकडे सरकायची. मी आले तेव्हा ती भर उन्हाळ्यात होती, पुढे होळीच्या सुमाराला आली आणि मग थंडीत शिरली. कंडक्टरनं ती पावसाळ्यात भोगलेली होती. "मॅडम, आमच्या एस.टी.त बदल्या होतात," तो म्हणायचा, "पन त्याच घरातल्या घरात बदली अन् भत्ताबी नाई, असं फक्त इथंच." वहिनी हसायच्या, पण त्यांना ते झोंबायचं. खोली सारवून, पुसून, चुन्याचा हात मारून जराशी आपली वाटायला लागली की ती दुसऱ्याची व्हायची. एकदा फिरतीच्या दिवशी त्या तुळशीचा डबा मांडीवर घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, माह्या पोरीले इचारलं ना का तुहं घर कसं हाये, तं थे कोन्त्या खोलीचं सांगंन?"

आम्ही हे सहन का केलं, असं मला नंतर पुष्कळ जणांनी विचारलं. एक तर भाडं कमी होतं. दुसरं म्हणजे माणूस वाईट नव्हता, आणि हे समजावून सांगणं फार अवघड आहे. महिन्यातून एकदा ते प्रत्येक खोलीत यायचे, हातात आपला पितळी स्टो, दूध, साखर, चहापत्ती, आलं. दार वाजवायचे, मधोमध बसायचे, स्टोला पंप मारायचे आणि चहा करायचे. ज्याची चूल पेटते त्याचा ताबा, म्हणून. पहिला कप मात्र भाडेकरूला द्यायचे. मला एकदा तापानं झोपवलं होतं. ते ताबा घ्यायला आले, माझ्याकडे पाहिलं, परत गेले आणि तांदूळ-मुगाची डाळ घेऊन आले. खिचडी शिजवली. ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "खिचडीनंबी ताबा होते. खा." मी ताप असूनही हसले, आणि मग घरची आठवण येऊन रडलेही.

बँकेचा किस्सा असाच. मला खातं उघडायचं होतं, त्यासाठी घरमालकाचं दोन ओळींचं पत्र हवं होतं. त्यांनी साफ नकार दिला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर आणि कोट घालून गेटात उभे. म्हणाले, "चला." बँकेत काउंटरपाशी जाऊन त्यांनी त्या साहेबाला सांगितलं, "या मॅडम माह्या घरात राह्यतात." साहेब म्हणाले, बरं, तसं लिहून द्या. "लिहून नाई देत. पन मी उभा हाये ना." साहेबांना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. त्यांनी मोठ्यानं सांगितलं. मालकांनीही मोठ्यानं तेच उत्तर दिलं. मागे रांग खोळंबली, लोक हसायला लागले, आणि हे आपले छाती काढून उभे. त्यांच्या लेखी त्यांनी माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट केली होती. खातं मी शेवटी मलकापूरच्या पत्त्यावर उघडलं.

मग तो हवालदार आला. त्याच्यावरून सगळं फिरलं, आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. घरमालकांनी भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, हा नियम काही नवा नाही. तो मोटारसायकलवरून आला, गेटातूनच एक छापील कागद मालकांच्या हातात दिला आणि म्हणाला, भाडेकरूंची नावं, फोटो, कधीपासून राहतात ते भरून आणा. मालक तो कागद हातात धरून बदामाखाली किती तरी वेळ उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यावर जीपमधून उतरलेला साहेब होता. "सरकारी कागदावर नाव चढलं का उतरत नाई मॅडम," ते मला म्हणाले. "अन् 'कवापासून' हेबी इचारून राह्यले."

मी समजावलं, कंडक्टरनं समजावलं, की ही पोलिसांची माहिती आहे, यानं कोणी घराचा वारस होत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपल्या डोक्यानं मार्ग काढला. भाडेकरूंची नावं मालकानं द्यायची असतात. आपण मालकच नसलो तर? त्यांनी मुलाला पुण्याहून बोलावून घेतलं आणि घराचं बक्षीसपत्र त्याच्या नावानं करून दिलं. आयुष्यात त्यांनी सही केलेला तो बहुधा पहिलाच मोठा कागद. नोंदणी करून परतले तेव्हा इतके खुशीत होते की सगळ्या बिऱ्हाडांना पेढे वाटले. मला पेढा देताना हळूच म्हणाले, "आता येऊ दे त्याले. इचारंन मालक कोन, तं म्हनाव पुन्याले जा."

मुलगा खलनायक होता असं म्हणायला मला आवडलं असतं, लिहायलाही सोपं गेलं असतं. तो साधा, थकलेला, हप्त्यांनी वाकलेला माणूस होता. वर्षभरानं तो आला तेव्हा एका बिल्डरशी बोलणी करूनच आला. खोल्या पाडायच्या, तिथे खाली दुकानं आणि वर अभ्यासाला येणाऱ्या पोरांसाठी वसतिगृह. भाडेकरूंनी महिन्याभरात निघायचं, वडलांनी पुण्याला यायचं. मालक अंगणात ओरडत होते, पहिल्यांदाच मी त्यांना ओरडताना ऐकलं. मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, घर तुम्हीच दिलंत ना मला? मी कधी मागितलं होतं का?" 

त्या दिवशी संध्याकाळी मालक कंडक्टरच्या दारात आले. स्टो बरोबर नव्हता. दारातच उभं राहून म्हणाले, "तू जाऊ नको." कंडक्टरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुहा हक्क लागते इथं. इतके वर्षं झाले. तू बसून राह्य. तू बसला तं घर पाडता येत नाई त्याले." वहिनींच्या हातातली लाटी हातातच राहिली. जन्मभर ज्या गोष्टीला भ्याले तिचीच ते आता भीक मागत होते, आणि त्यांना ते कळतही होतं, कारण आमच्याकडे कोणाकडेच ते पाहत नव्हते.

म्हणून आम्ही वकिलाकडे गेलो. कंडक्टर, वहिनी, मी आणि मालक. कोर्टाजवळ एका गाळ्यात त्यांचं टेबल होतं. वकील तरुण होते, भले होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "अहो, मग कायदा तुमच्याच बाजूचा आहे. करार लेखी करायची जबाबदारी मालकाची. त्यानं केला नसेल तर भाडेकरू सांगेल ते खरं धरतात. असं महिन्याभरात कोणाला काढता येत नाही, नळ तोडता येत नाही." कंडक्टरचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मालक मात्र ऐकतच राहिले. कागद न केल्यानं ते भाडेकरूला अडवत नव्हते तर उलट सगळा कौल त्याच्या पदरात टाकत होते, हे त्यांना त्या टेबलापाशी पहिल्यांदा कळलं.

"फक्त तुम्ही तिथे राहत होता एवढं दाखवा," वकील म्हणाले. "लाइट बिल?"

"मालकाच्या नावावर," कंडक्टर म्हणाला.

"रेशनकार्ड? गॅस?"

"गावचं," वहिनी म्हणाल्या.

"पत्र, पार्सल, मुलीच्या शाळेतला पत्ता, भाड्याची पावती?"

वहिनी नुसत्या मान हलवत होत्या. वकिलांनी शेजाऱ्यांची साक्ष काढता येईल का विचारलं. शेजारी काय सांगणार? दर अकरा महिन्यांनी रस्त्यावर सामान पाहून त्यांना वाटायचं इथली माणसं टिकतच नाहीत. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग इतकी वर्षं तुम्ही राहत होता तरी कुठे?"

 मालकांची युक्ती लागू पडली होती. त्यांनी खिळा ठोकू दिला नव्हता, आणि आता भिंतीत कुठेच खिळा सापडत नव्हता.

"माह्या घरात," मालक उठून उभे राहिले. "मी सांगतो ना. माह्या घरात राह्यत होते."

वकिलांच्या डोळ्यांत आशा दिसली. ते म्हणाले, त्या वेळी मालक तुम्हीच होता, तुमच्या शब्दाला वजन आहे, तसं प्रतिज्ञापत्र द्या. शेजारच्या टायपिंगवाल्याकडून त्यांनी ते लगेच करूनही आणलं. मालकांनी चष्मा लावला, पेन हातात घेतलं आणि ओळीवर बोट ठेवत वाचायला लागले. बोट 'भाडेकरू म्हणून' या शब्दांवर आलं आणि तिथंच थांबलं. वहिनी पदराचं टोक पिळत त्या बोटाकडे पाहत होत्या. मीही. मनात म्हणत होते, करा हो सही, तुमचंच घर वाचतंय.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हे लिहून नाई देत मी," ते म्हणाले.  "पन मी उभा हाये ना. न्या मले कोर्टात. उभं करा. मी उभा राह्यतो."

"काका, उभं राहायची पाळी येईपर्यंत घर पडेल," वकील हळूच म्हणाले. "सही आज पाहिजे."

मालक उभेच राहिले. थोड्या वेळानं वकिलांनी दुसऱ्या अशिलाला आत बोलावलं आणि आम्ही बाहेर आलो. मला तेव्हा त्यांचा इतका संताप आला होता की परतताना मी त्यांच्याशी बोलले नाही. पुढे एकदा राग आवरून सांगितलं, की म्हाताऱ्या आईबापांना मुलानं असं उघड्यावर टाकलं तर प्रांतसाहेबांकडे अर्ज करता येतो, दिलेलं घरही परत मागता येतं, मी लिहून देते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अर्ज भाडेकरू करते मॅडम. मालक नाई करत."

नळ तोडला गेला, आठवडाभरानं आम्ही सगळे निघालो. सामान गेटाबाहेर आलं, सगळ्यात आधी चुली. ते पाहायला मालक गेटात उभे होते, सवयीनं. या खेपेला "आता कोणती खोली" असं कोणी विचारलं नाही.

पुण्याला ते राहिले थोडेच दिवस. मुलाच्या सोसायटीच्या दारावरचा वॉचमन रोज फिरून आल्यावर विचारायचा, कोणाकडे आलात, किती दिवस आहात. असं दोन-चारदा झालं आणि ते एक ट्रंक, एक गाठोडं आणि स्टो घेऊन परत आले. उतरले ते थेट कंडक्टरच्या घरी. कंडक्टरनं देऊळघाटच्या रस्त्याला प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर घाईघाईनं दोन खोल्या उभ्या केल्या होत्या, गिलावा अजून व्हायचा होता. ज्या रस्त्यानं ते लग्नालाही जात नव्हते त्याच रस्त्यावर त्यांचं बिऱ्हाड आलं. वहिनींनी फोनवर मला सांगितलं, "ताई, काय करू? दारात उभे राह्यले तं हाकलू कशी?" मला वाटतं त्यांना हाकलायचं नव्हतंच.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. तोवर मला चिखलीकडच्या एका कॉलेजात काम मिळालं होतं. मे महिन्यात सुट्टी लागल्यावर वहिनींना भेटायला गेले. ऑटोतून उतरले तर गेटाबाहेर उन्हात, ट्रंकेवर मालक बसलेले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, पायाशी गाठोडं, मांडीवर तो पितळी स्टो.  कंडक्टरनंही शेवटी बाहेर काढलं की काय?

"मालक, इथं काऊन बसले उन्हात?"

"अकरा महिने झाले मॅडम," ते म्हणाले, सोमवार आहे असं सांगावं तसं. "कंडक्टरनं जीव तोडून बांधलं हे. उद्या आपल्यापायी त्याच्या घराले झंझट नको लागाले."

आतून वहिनी ओल्या हातांनी आल्या. डोळे लाल झालेले. "सकाळपासून बसून हायेत बाप्पा. हे डुटीवर गेले अन् मालकायनं सामान भायेर काढलं. चहा घेत नाई, पानी घेत नाई. म्हनते, या घरचं पानी घेतलं तं अकरा महिने तुटत नाई."  मी माझ्या बाटलीतलं पाणी मालकांना दिलं. ते माझं, म्हणून त्यांना चाललं. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.  स्टोत घासलेट आहे का, म्हणून मी सहज विचारलं. "कुठून?" ते म्हणाले. "आता भेटते कुठी?" पितळ मात्र लखलखत होतं.

उन्हं उतरली तेव्हा ते गुडघ्यावर हात टेकून उठले. स्टो हातात घेऊन गेटाशी गेले. गेटाच्या आत वहिनी उभ्या होत्या. मालकांनी मान खाली घातली आणि आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं त्यांना विचारलेला प्रश्न विचारला.

"आता कोणती खोली?"

"तेच," वहिनी म्हणाल्या. "दोनच तं खोल्या हायेत. बदलाले आनू कुठून?"

"तेच नाई चालत. हक्क लागते."

"लागू द्या."

मालकांनी वर पाहिलं.

"लागू द्या हक्क," वहिनी म्हणाल्या. "या आत, काका."

त्यांनी वहिनींना थांबवलं नाही.  मी गाठोडं उचललं, ट्रंक त्यांनी स्वतः एका हातानं ओढली. गेटात पाऊल टाकता टाकता मात्र ते वाकले आणि दुसऱ्या हातातला स्टो बाहेरच, भिंतीच्या कडेला, नीट आडोशाला ठेवला. मग आत गेले. वहिनी तो उचलायला पुढे झाल्या, तेव्हा मागे वळून न पाहता ते म्हणाले, "राहू दे. चूल भायेरच राहू दे."